मुलामागे 100 रुपये

दोन वर्षांपूर्वी मी एक एक्सेल शीट बनवली होती. ती अजून लॅपटॉपवर आहे, डिलीट करवत नाही.

मी तेव्हा ज्या संस्थेत होतो ती आदिवासी पाड्यांवर संध्याकाळचे वाचनवर्ग चालवते. वर्ग घेणाऱ्या ताया त्याच गावच्या, बारावी झालेल्या. मानधन महिना 3,000 रुपये. एका देणगीदाराने विचारलं, यांना इन्सेंटिव्ह का देत नाही? प्रश्न रास्त वाटला. मी स्कीम आखली: नुसती अक्षरं ओळखणारं मूल परिच्छेद वाचू लागलं, की त्यामागे ताईला 100 रुपये.

आकडे वर गेले. मीही खूश.

मग एका पाड्यावर गेलो. तिथे ओढ्यापलीकडे दोन बहिणी राहायच्या, वाचनात फार मागे. वर्ग सुटल्यावर आमची ताई टॉर्च घेऊन त्यांच्या घरी जायची. तिला हे कुणी सांगितलेलं नव्हतं. आता ती जात नव्हती. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "सर, त्या दोघी मार्चपर्यंत काही परिच्छेदाला पोचत नाहीत. काठावरच्या चौघींना घेतलं तर तुमच्या शीटमध्ये दिसतं तरी."

ती कामचुकार नव्हती. माझी शीट तिने माझ्यापेक्षा नीट वाचली होती.

उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी या अर्थशास्त्रज्ञांचा 2000 सालचा एक प्रयोग मी नंतर वाचला. इस्रायलमध्ये शाळेतली मुलं घरोघर फिरून समाजकार्यासाठी देणगी गोळा करतात. एका गटाला त्यांनी फक्त कामाचं महत्त्व सांगितलं, दुसऱ्याला जमलेल्या रकमेच्या 1 टक्का दिला, तिसऱ्याला 10 टक्के. सगळ्यात जास्त पैसे फुकट फिरणाऱ्यांनी आणले, सगळ्यात कमी 1 टक्कावाल्यांनी. थोडे पैसे दिले की माणूस त्या थोड्या पैशांपुरतंच काम करतो.

इथे थांबून 'सेवेत पैसा आणू नये' म्हणणं सोपं आहे. मला ते म्हणायची लाज वाटते, कारण माझा पगार 36,000 होता. माझ्या पगारामुळे माझी तळमळ मरेल, अशी काळजी कुणी केली नाही. ती काळजी फक्त तायांच्या वाट्याला येते. 'मानधन' हा शब्दच बघा. त्यात मान आधी येतो, म्हणून धन कमी असलं तरी चालतं. आशाताईंना 2005 पासून आपण 'स्वयंसेविका' म्हणतो आणि त्यांचा बराचसा मोबदला कामागणिक मोजतो. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. 2023 मध्ये महाराष्ट्रातल्या आशाताई संपावर होत्या.

आणि इन्सेंटिव्ह कधी चालतच नाही, असंही नाही. उदयपूरच्या सेवा मंदिर या संस्थेच्या खेड्यांतल्या एकशिक्षकी शाळांमध्ये शिक्षकांना कॅमेरे दिले होते. वर्ग सुरू होताना आणि सुटताना एका मुलाने शिक्षकाचा आणि वर्गाचा फोटो काढायचा, आणि पगार हजर दिवसांवर. किमान 500 रुपये मात्र ठरलेले. कॅमेरा नसलेल्या शाळांत गैरहजेरी 42 टक्के होती, कॅमेऱ्याच्या शाळांत 21. मुलांचे गुणही वाढले. माझ्यावर कुणी असा कॅमेरा लावला असता तर मी चिडलो असतो. पण बंद दारापुढे पाटी घेऊन बसलेल्या मुलापेक्षा माझा अपमान मोठा, असं मला म्हणता येत नाही.

मग माझं चुकलं कुठे? त्या योजनेत शिक्षकाच्या येण्याला पैसे होते, आणि शिक्षक आला की तो सगळ्यांसाठीच येतो. मी मुलांना भाव लावला होता. त्या दोन बहिणींना आधी किंमत नव्हती, म्हणजे त्यांच्याकडे कुणी किंमत म्हणून बघतच नव्हतं. माझ्या शीटमध्ये त्यांची किंमत शून्य झाली.

स्कीम मी बंद करवली. ती रक्कम मानधनात घालून ते 4,500 केलं. देणगीदार नाराज झाले, कारण आता त्यांना दाखवायला वाढता आलेख उरला नाही. त्याच दोन अर्थशास्त्रज्ञांनी हैफाच्या पाळणाघरांतही एक प्रयोग केला होता. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशीर वाढला. दंड काढला, तरी तो कमी झाला नाही. म्हणून मी फार आशा ठेवली नव्हती.

ताईला सांगायला स्वतः गेलो. वाढीव मानधनाचं ऐकून तिने मान हलवली, बस्स. चहा झाला. शेवटी मी विचारलं, "ताई, ओढ्यापलीकडे तुम्ही परत जाल का?"

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "टॉर्चचे सेल संस्थेच्या खर्चात बसतील का, सर?"

बसतील, म्हटलं. एवढे दिवस ते कुणाच्या खर्चात बसत होते, हे मी विचारलं नाही.