लॉगमध्ये नाव दुसऱ्याचं

पगाराचं टेबल रोज रात्री दोन वाजता कोण वाचतंय, असं ऑडिटवाल्यांनी विचारलं. लॉगमध्ये नाव स्पष्ट होतं, माझ्या सीनियरचं. तो तीन महिन्यांपूर्वीच कंपनी सोडून गेला होता.

वाचत होती ती मी लावलेली पाइपलाइन. एचआरच्या पोस्टग्रेसमधली हजेरी आणि रजा वेअरहाउसमध्ये न्यायची होती. एअरबाइटमध्ये सोर्स जोडताना होस्ट, पोर्ट, युजरनेम, पासवर्ड भरावं लागतं. पाइपलाइनसाठी वेगळा युजर हवा, त्याला दोनच टेबलं वाचायची परवानगी हवी, हे मला माहीत होतं. पण त्यासाठी डीबीएकडे तिकीट टाका, आठवडाभर वाट बघा. सीनियर म्हणाला, "अरे, सध्या माझंच टाक, नंतर बदलू." चॅटवर पासवर्ड आला. ('नंतर' हा आमच्या धंद्यातला सगळ्यात टिकाऊ शब्द आहे.) त्याला दिसणारी सगळी टेबलं यादीत आली आणि मी सरसकट सगळ्यांवर टिक केली. तो गेला तेव्हा त्याचा ईमेल बंद झाला, डेटाबेसचं लॉगिन कुणाला आठवलंच नाही.

मॅनेजर म्हणाला, "तो गेलाय ना, त्याच्या नावावर क्लोज करू." त्याला कधी कळणारही नव्हतं. पासवर्ड त्यानेच दिला होता, म्हणजे निम्मी चूक त्याचीच. मला खोटंही बोलावं लागणार नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं. मी दीड दिवस गप्प बसलो.

आपण शेजारच्या काकूंकडे घराची किल्ली ठेवतो. काकूंनी दार उघडलं तर आत काकूच येतात. पासवर्डचं तसं नाही. तो घेऊन आत शिरलेला मी 'तो' होऊनच शिरतो. त्याला द्यायची होती परवानगी, दिलं गेलं नाव. ओऑथमध्ये पासवर्ड द्यावा लागत नाही, परवानगी मोजकी देता येते, काढूनही घेता येते. पण तिथेही टोकन बहुतेकदा 'अलाउ' दाबणाऱ्याच्याच नावावर चालत राहतं.

प्रत्येक प्रोग्रामला कामापुरतीच परवानगी असावी, हे सॉल्ट्झर आणि श्रोडर यांनी 1975 सालीच लिहून ठेवलंय. कॉलेजात मी ते परीक्षेपुरतं पाठ केलं होतं, आणि तो मला माणसांवरचा अविश्वास वाटायचा. आता उलट वाटतं. त्याच्या लॉगिनला पगार दिसतच नसता, तर त्याच्यावर कुणी बोट ठेवू शकलं नसतं, आणि मला गप्प बसायचा मोहही झाला नसता.

मी ऑडिटला मेल केला: कनेक्शन मी जोडलं, टेबलं मी निवडली. मॅनेजर दोन दिवस नीट बोलला नाही. मग सीनियरला फोन केला. तो आधी हसला. मग म्हणाला, "थांब, माझं लॉगिन अजून चालू होतं?" आणि जरा वेळ काहीच बोलला नाही.

नवा युजर आता दोनच टेबलं वाचतो. त्याचं नाव कुठल्याच माणसाचं नाही, म्हणून फॉर्ममध्ये 'ओनर' विचारतात. तिथे मी माझं नाव लिहिलंय. मीसुद्धा सध्या दुसरीकडे इंटरव्ह्यू देतोय. जायच्या आधी तो रकाना कुणाच्या नावावर करायचा, हे त्या माणसाला विचारायचं राहिलंय.