दीडशहाणा आणि दोढडाह्यो

इंग्रजीतल्या 'क्लेव्हर' आणि 'इंजीनियस' या शब्दांना मराठीत काय म्हणावे, असे दहावीच्या वर्गात विचारले की हुशार, चतुर, चलाख, कल्पक, धूर्त अशी उत्तरे एका दमात येतात. एकही चूक नसते आणि एकही पुरेसे नसते. कारण अशा शब्दांत बुद्धीच्या मापाबरोबर नीतीचा निवाडाही दडलेला असतो. रशियन भाषेत 'खीत्री' म्हणजे लबाड. जुन्या काळी तोच शब्द कसबी माणसालाही लावीत.

आमच्या कारेलीबागेत घरात मराठी आणि अंगणापलीकडे गुजराती. आपण पोराला 'शहाणा' म्हणतो, शेजारच्या बेन 'डाह्यो' म्हणतात. दोन्ही शब्दांत अक्कल आणि चांगली वागणूक एकत्र नांदतात. अक्कल मर्यादा ओलांडू लागली की मराठी म्हणते 'दीडशहाणा', गुजराती म्हणते 'दोढडाह्यो'. दोघींनी जास्तीचे माप अर्धेच धरले! ते वरचे अर्धे कोणाच्या तरी माथी बसते, हा दोघींचाही अनुभव असावा.

सयाजीराव महाराजांच्या काळी, १९३१ साली, बडोद्यात 'श्री सयाजी शासन शब्द कल्पतरू' निघाला. कारभारातील इंग्रजी शब्दांपुढे गुजराती, मराठी, संस्कृत आदी भाषांतले प्रतिशब्द त्यात मांडले आहेत. परंतु युक्ती कोठे संपते आणि लबाडी कोठे सुरू होते, हे कोणताही कोश सांगू शकत नाही. ते बोलणाऱ्यानेच ठरवायचे.

त्यासाठी एक साधी कसोटी पुरते: युक्तीचा भुर्दंड कोणाला पडला? १८९० साली स्थापन झालेल्या इथल्याच कलाभवनात शिकलेल्या दादासाहेब फाळक्यांनी चित्रपटाच्या ध्यासापायी स्वतःची विम्याची पॉलिसी गहाण टाकली, तेव्हा १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. ही कल्पकता. १६६६ मधील आग्र्याहून सुटकेची युक्ती कैद करणाऱ्यालाच महाग पडली. तिला कोणी लबाडी म्हणत नाही. बाहीच्या अस्तरात बेमालूम चिठ्ठी शिवून परीक्षेला बसणाऱ्या मुलाची करामतही लहान नसते. पण तिची किंमत मोजतो तो रात्र जागून अभ्यास केलेला, पुढच्या बाकावरचा मुलगा.

अशा करामतीवर घरातली वडीलधारी मंडळी कौतुकाने 'भारी हुशार हो!' म्हणतात, तेव्हा काळजी वाटते. मूल शब्दाचा अर्थ कोशातून शिकत नाही, आपल्या स्वरातून शिकते. म्हणून वाचकहो, 'शहाणा' म्हणा वा 'डाह्यो'; म्हणण्यापूर्वी पावती कोणाच्या नावाने फाटली, तेवढे पाहावे.