पाचवं कारण



आजचं वाचन गीतेच्या अठराव्या अध्यायातला चौदावा श्लोक. कुठलंही कर्म घडायला पाच कारणं लागतात, असं भगवंत इथे सांगतात. अधिष्ठान, म्हणजे ज्याच्या आधारावर कर्म घडतं तो देह. मग कर्ता. मग करणं, म्हणजे साधनं. मग निरनिराळ्या चेष्टा, म्हणजे प्रत्यक्ष हालचाली आणि प्रयत्न. आणि पाचवं दैव. दैव नाकारलेलं नाही, पण त्याचा नंबर शेवटचा आहे.

आज तिसऱ्या आणि पाचव्या कारणाबद्दल लिहायचंय, आणि उदाहरण आहे जुन्या गाडीच्या ब्रेकचं. गाडी चालवणाऱ्याच्या हाती (खरं तर पायाखाली) ब्रेकएवढं महत्त्वाचं करण दुसरं नाही.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात अजून कितीतरी बिल्डिंगखाली मारुती ८०० उभी दिसते. ही गाडी १९८३ साली आली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे आज रस्त्यावर असलेली सगळ्यात तरुण ८०० सुद्धा दहा वर्षांच्या पुढची आहे. बाबांनी घेतलेली, दादा शिकला ती, आता धाकट्याच्या हातात. कल्याण-बदलापूर रोडवर ट्रॅफिकच इतकं असतं की वेग वीस-तीसच्या वर जातच नाही. तिथे अर्धवट ब्रेकसुद्धा पुरतात. म्हणून दोष कळत नाही.

खरं तर कळतो, पण आपण त्याची सवय करून घेतो. पेडल पहिल्यांदा दाबलं की खाली जातं, दुसऱ्यांदा दाबलं की वर येतं आणि ब्रेक लागतो. आठवड्याभरात पाय आपोआप दोनदा दाबायला शिकतो. मग एखाद्या रविवारी मेहुणा गाडी मागतो आणि आपण किल्ली देताना हसत सांगतो, "आमच्या गाडीला दोनदा दाबावं लागतं हं, तेवढं सांभाळा." या वाक्यात सगळं आलं. दोष आहे हे आपल्याला माहीत आहे. आपण तो दुरुस्त केलेला नाही. आणि आता तो दुसऱ्याच्या हवाली केलाय, गंमत म्हणून.

ब्रेक एकदम 'फेल' होतात असं म्हणतात, पण बहुतेक वेळा ते आधी सांगत असतात. सिग्नलला पेडल दाबून धरलं आणि ते हळूहळू खाली सरकत गेलं, बाहेर कुठे गळतीही दिसत नसली, तर मास्टर सिलिंडरचे आतले रबर गेलेत असा पहिला संशय घ्यायचा. पंपिंग केल्यावर पेडल वर येत असेल तर मागच्या ड्रममधले लायनर झिजलेत किंवा त्यांचं अ‍ॅडजस्टमेंट सैल झालंय, किंवा ऑइलच्या लाइनमध्ये हवा शिरलीय. स्पंजवर पाय ठेवल्यासारखं वाटलं तर हवेचीच शंका आधी. गाडी एका बाजूला ओढली जाते? एका चाकाचा कॅलिपर अडकलाय, किंवा त्या बाजूच्या लायनरवर ऑइल उडालंय. मागच्या चाकाची आतली बाजू ओलसर, चिकट दिसली तर व्हील सिलिंडर गळतोय. आणि बॉनेटखालच्या डबीतलं ब्रेक ऑइल 'मिन'च्या खाली गेलं तर नुसतं वरून भरायचं नाही. ते गेलं कुठे हे आधी विचारायचं. पॅड झिजले तरी पातळी थोडी उतरते, गळतीनेही उतरते, आणि दोन्हींचा उपाय वेगळा.

सगळ्यात फसवा दोष मात्र कुठे दिसतच नाही. ब्रेक ऑइल हवेतला दमटपणा शोषून घेतं, आणि आपल्याकडे चार महिने हवा कशी असते ते बदलापूरकरांना सांगायला नको. डॉट ३ प्रकारचं नवं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असं मानक आहे. पाणी शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १४० अंशांवर येते. शहरात ब्रेक तेवढे तापत नाहीत, म्हणून वर्षानुवर्षं काही बिघडत नाही. घाटाच्या उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवले की ऑइल तापतं, त्यातल्या पाण्याची वाफ होते. ऑइल दाबलं तर दाबलं जात नाही, जोर पुढे चाकापर्यंत पोचवतं. वाफ दाबली जाते. पेडल सरळ जमिनीला टेकतं आणि गाडी चालतच राहते.

आता समजा, दोन घरं. दोघांकडे ८००, दोघांचं ऑइल पाच वर्षं जुनं, दोघांनाही पेडलची खोड ठाऊक. दोघेही ओझर आणि लेण्याद्रीचं दर्शन घेऊन माळशेज घाटातून मुरबाडमार्गे परत निघालेत. जाताना चढ होता, येताना उतार. दोघांचंही पेडल एकाच वळणावर जमिनीला टेकतं. पहिल्याच्या पुढे रस्ता मोकळा आहे. तो गिअर उतरवतो, हँडब्रेक हळूहळू ओढतो, कडेला लागतो. दुसऱ्याच्या पुढे मक्याच्या कणसाच्या गाडीभोवती माणसं उभी आहेत.

पहिला घरी येऊन स्टेटस टाकतो की बाप्पाने वाचवलं. दुसरा पोलीस ठाण्यात बसलाय. या दोघांत दोषी कोण, आणि किती?

कायदा फरक करतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० मध्ये, माहीत असलेला किंवा साधी काळजी घेतली असती तर माहीत झाला असता असा दोष असलेली गाडी रस्त्यावर आणणं हाच गुन्हा आहे. पण त्यातून कुणाला इजा झाली तर शिक्षा वाढते. अमेरिकन तत्त्वज्ञ थॉमस नेगल यांनी १९७६ साली 'नैतिक नशीब' या प्रश्नावर लिहिताना जवळजवळ हेच उदाहरण घेतलं होतं: ब्रेक तपासून न घेतलेला ट्रकचालक आणि रस्त्यात आलेलं मूल. चूक तेवढीच होती. मूल रस्त्यात येणं त्याच्या हातात नव्हतं. तरी आपण त्याचा दोष जास्त धरतो, आणि तो स्वतःही धरतो. नेगल यांनी हा पेच सोडवून दाखवला नाही, आणि मला त्यातला प्रामाणिकपणा आवडतो.

गीता याच अध्यायात थोडं पुढे, पंचविसाव्या श्लोकात, तामस कर्म कशाला म्हणायचं ते सांगते. पुढे काय होईल, काय नुकसान होईल, कुणाला इजा होईल, आपली तेवढी ताकद आहे का, यातलं काहीही न पाहता मोहाने सुरू केलेलं कर्म ते तामस. नीट बघा, इथे परिणामाचा शब्द नाही. कर्म तामस ठरतं ते सुरू होताना. म्हणजे या कसोटीवर दोन्ही गाड्या बदलापूरच्या पार्किंगमधून बाहेर पडल्या तेव्हाच तामस कर्म झालेलं होतं. मोकळ्या रस्त्याने पहिल्याचं कर्म सात्त्विक होत नाही.

इथे कुणीतरी म्हणेलच की फळाची आशा धरू नको हे गीताच सांगते ना, मग परिणामाचा विचार कशाला? ही गल्लत तरुण मंडळींच्या बोलण्यात फार ऐकू येते. फळात मन अडकवू नये हे एक. परिणामाकडे बघूच नये हे वेगळंच. लेण्याद्रीला पोचायलाच हवं हा हट्ट नको, पण आपल्या चाकासमोर कोण येऊ शकेल याचा विचार हवाच. पहिला उपदेश कर्त्याच्या लोभाबद्दल आहे आणि दुसरा दुसऱ्यांच्या जिवाबद्दल.

आणि 'बाप्पाने वाचवलं'चं काय? कृतज्ञता खोटी नाही. पण ते वाक्य मला अवघड वाटतं, कारण त्याची दुसरी बाजू कुणी बोलत नाही. पहिल्याला बाप्पाने वाचवलं, तर कणसाच्या गाडीपाशी उभ्या असलेल्यांना का नाही? ते तर दर्शनालाच आलेले असतील कदाचित. पाचव्या कारणाला पहिल्या जागी बसवलं की हा प्रश्न देवाच्या दारात जातो. खरं तर तो गॅरेजच्या दारात जायला हवा होता. ज्याने ऑइल बदललं, पॅड पाहिले, उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये आला, आणि तरीही ज्याच्या गाडीपुढे कुणी धावत आलं, त्याला सोळावा श्लोक आधार देतो: केवळ स्वतःलाच कर्ता मानणारा नीट पाहत नाही. तो आधार पहिल्या चार कारणांकडे न बघितलेल्याने उसना घेऊ नये असं मला वाटतं. दुसऱ्या माणसाला मग काय द्यायचं, शिक्षेपलीकडे? यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही.

जाता जाता कामाचं. १५ वर्षं पूर्ण झालेल्या गाडीची नोंदणी नूतनीकरणासाठी कल्याण आरटीओत तपासणी होते, पण तो शिक्का त्या दिवसापुरता बोलतो. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला, पावसाळ्याआधी बघा. पॅड आणि लायनर स्वस्तात मिळाले म्हणून नाव-गाव नसलेले घेऊ नका. 'मेड इन यूएसए'चा उल्हासनगरी विनोद जीन्सपुरता ठीक आहे. एअर काढायला दोन माणसं लागतात: एक आत बसून पेडल दाबून धरतो, दुसरा चाकापाशी निपल सैल करतो, ऑइल नळीतून बाटलीत पडतं. निपल बंद होईपर्यंत आतल्याने पाय उचलायचा नाही, नाहीतर हवा परत आत. बुडबुडे थांबेपर्यंत हेच. एका रविवारी दादाला हाताशी धरून, गाडी सपाट जागी लावून, माहीतगार मेकॅनिक उभा असताना करून बघा.

उद्या श्लोक पंधरावा. राम कृष्ण हरी.