कंसातली नावं

कर्जत-मुरबाड रस्त्यावर कशेळ्याच्या आसपास फार्महाऊसचे प्लॉट पडायला लागले आणि सातबारा वाचता येणं ही इथली गरजेची विद्या झाली. मुंबईहून आलेलं गिऱ्हाईक उताऱ्यावर आज कुणाचं नाव चालू आहे तेवढं पाहतं. गावातला जाणता माणूस आधी कंसातली नावं वाचतो. कोण मयत झालं, कुणा बहिणीने हक्कसोड केली, कुळ कधी लागलं, सोसायटीचा बोजा कधी उतरला, हे सगळं तिथे सापडतं. महसुलात नाव ‘कमी’ झालं म्हणजे त्याला कंस पडतो आणि फेरफाराचा नंबर लागतो. संगणकावरच्या नव्या नमुन्यात कंसातल्या नोंदीवर आडवी रेघही मारतात. रेघेखालचं नाव वाचता येतं. वाचता यावं अशीच ती मारलेली असते.

पाटीवरचं पुसायची मुभा शाळेपुरती. कचेरीत चूक झाली तर आडवी रेघ, वर दुरुस्ती आणि बाजूला सही. खालचा मजकूर दिसेनासा केला तर संशय येतो. ही शिस्त गरिबाच्या कामी आल्याची उदाहरणं आहेत. १९७४ च्या कायद्याने, १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगरआदिवासींकडे गेलेल्या आदिवासींच्या जमिनी परत मिळण्याची वाट उघडली. प्रत्यक्षात किती जणांच्या हाती जमीन आली हा वेगळा आणि कडू विषय आहे. पण कर्जतच्या एखाद्या ठाकरवाडीतल्या माणसाला ‘ही जमीन माझ्या बापाची होती’ हे सिद्ध करायचं तर कमी झालेलं नाव आणि फेरफाराची नोंद हाच त्याचा कागद. ते कुणी खरोखर पुसून टाकलं असतं तर बोलायलाही जागा उरली नसती. म्हणून खोडलेल्याची खूण मागे राहते याचं मला भय वाटत नाही. ती खूण कुणाच्या ताब्यात आहे आणि मला ती पाहता येते का, हा माझा प्रश्न आहे.

फोटोच्या बाबतीत हा प्रश्न बराच काळ सोपा होता. स्थळाकडे मुलीचा फोटो पाठवायचा आणि जमलं नाही तर तो परत मागवायचा, ही रीत आपल्याकडे चांगली रुळलेली होती. मध्यस्थाला निरोप जाई, ‘पत्रिका आणि फोटो तेवढा परत पाठवा.’ फोटो परत न करणारं घर हलकं ठरे. ही रीत चालायची कारण प्रत एक होती आणि ती कुणाकडे आहे ते ठाऊक होतं. निगेटिव्ह स्टुडिओवाल्याकडे राही, तेही ठाऊक असे. कागदाच्या पाकिटावर नंबर घालून तो ती वर्षानुवर्षं ठेवी, कारण जादा प्रतींचा धंदा त्यावर चाले. फोटो फाडला तरी निगेटिव्ह उरते, हे घरातल्या म्हाताऱ्यांनाही कळत होतं.

संगणकाने हे कळणं घालवलं. १९८३ मध्ये ॲपलच्या लिसा संगणकावर कचऱ्याच्या टोपलीचं चित्र आलं आणि विंडोज ९५ ने ‘रिसायकल बिन’ घरोघर पोचवलं. टोपलीत टाकलेलं उचलून परत घेता येतं, एवढं त्या चित्रावरून समजे. टोपली रिकामी केल्यावर मात्र माणूस निर्धास्त होई आणि तिथेच फसे. साध्या हार्ड डिस्कवर टोपली रिकामी झाली तरी फाइल पुसली जात नाही. तिची अनुक्रमणिकेतली नोंद जाते, जागा ‘मोकळी’ ठरते आणि दुसरं काही तिथे लिहिलं जाईपर्यंत जुना मजकूर तसाच पडून राहतो. अमेरिकेत एमआयटीच्या सिम्सन गारफिंकल आणि अभी शेलट यांनी १५८ जुन्या हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या आणि २००३ मध्ये निष्कर्ष छापले. त्यातल्या १२९ चालू होत्या आणि नीट पुसलेल्या निघाल्या फक्त १२. बाकीच्यांत लोकांची पत्रं होती, क्रेडिट कार्डांचे नंबरही होते.

तोवर डिस्क निदान आपली होती. हातोड्याने फोडता येत होती. क्लाउडमध्ये तीही सोय गेली. एका फोटोच्या अनेक प्रती वेगवेगळ्या ठिकाणच्या यंत्रांवर असतात, कारण एक यंत्र बंद पडलं तरी फोटो हरवू नये हेच तर ग्राहकाला हवं असतं. टिकवण्यासाठी जी व्यवस्था उभी केली तिलाच पुसायला सांगायचं, म्हणजे वेळ लागणारच. फेसबुकवरून काढलेले फोटो थेट लिंकने उघडतात, हे २००९ मध्ये उजेडात आलं आणि ते निस्तरायला २०१२ उजाडलं. गुगल सांगतं की चालू यंत्रणेतून माहिती जायला साधारण दोन महिने लागतात आणि बॅकअपमधून जायला सहा महिन्यांपर्यंत. मे २०२४ मध्ये आयफोनच्या १७.५ आवृत्तीनंतर काही जणांना वर्षांपूर्वी डिलीट केलेले फोटो पुन्हा अल्बममध्ये दिसू लागले. ॲपलने डेटाबेस बिघडल्याचं सांगून दुरुस्ती काढली. ते फोटो फोनमध्येच राहून गेले होते. क्लाउडचा दोष नसतानाही लोकांचा पहिला संशय क्लाउडवरच गेला, हे मला जास्त बोलकं वाटतं.

कशेळ्याच्या बाजारात मोबाइलच्या दुकानात या सगळ्याचं नाव एकच, ‘मेमरी फुल्ल’. बाई फोन पुढे करते, दुकानदार गॅलरीतले दोनशे फोटो निवडून उडवतो आणि जागा तेवढीच दाखवते. मग तो ट्रॅश उघडतो. आपण उडवलेलं सगळं तिथे रांगेत उभं असलेलं पाहून ती हसते आणि म्हणते, राहू द्या, नातवाचे तेवढे परत काढा. बॅकअप घेतलेला फोटो गुगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो, ही तिच्यासाठी सोयच आहे. नवऱ्याच्या माराचे व्रण दाखवणारा फोटो भीतीपोटी उडवून नंतर पोलिसांकडे निघालेल्या बाईसाठीही ती सोयच आहे. आणि ज्या मुलीला एक फोटो जगातून नाहीसा हवा आहे, तिच्यासाठी तेच ६० दिवस छळाचे.

कायद्यालाही या तिघींना एका वाक्यात बसवणं जमलेलं नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या मसुद्यात विसरलं जाण्याचा हक्क होता, पण तो माहिती पुढे उघड होणं थांबवण्यापुरता, पुसण्याचा नव्हता. पुसून मागण्याचा हक्क २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या कलम १२ मध्ये आला. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य तरतुदींना त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत दिली. कंपनीने ‘काढलं’ म्हटल्यावर कुठून, कधी आणि बॅकअपमधून केव्हा, याचा कागद हाती पडला तर मी तो हक्क खरा मानीन. सातबाऱ्यावरचं नाव कमी झालं तर फेरफाराची नक्कल अर्ज करून मिळते. तलाठ्याकडे दोन खेपा पडतात, पण मिळते.

घरगुती वापराला हा कायदा लागूच नाही. हळदीतला एखादा फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला असेल तर कलम बारा बाजूला ठेवून खांडसच्या एखाद्या वहिनीलाच फोन करावा लागतो. वहिनी ‘अगं, काढला बघ’ म्हणते आणि खरंच काढते. तिच्या फोनचा बॅकअप मुलाच्या खात्यावर जातो, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं.