तेजीतला नफा येतो कोठून?

भाव चढू लागला की माणसाला दोन प्रश्न पडतात: आता घ्यावे का, आणि किती मिळेल? हा नफा कोणाच्या खिशातून येणार, हा तिसरा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. नीतीच्या दृष्टीने खरा प्रश्न तोच होय.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातील आपल्या कुटुंबांना व्यापार अपरिचित नाही. फाळणीनंतर लष्करी छावणीत उतरलेल्या सिंधी निर्वासितांनी उल्हासनगर उभे केले ते व्यापाराच्याच बळावर. पण तेथील कापडाचा भाव उतरला तरी ते अंगावर घालता येते. बदलापुरातील घराचा उतरला तरी त्यात संसार करता येतो. बिटकॉइनसारख्या आभासी चलनाला पीक येत नाही, भाडे मिळत नाही, लाभांश नाही. आपल्याहून अधिक दराने घेणारा उद्या कोणी भेटला, तरच आपला नफा.

तेजीचे कारण सांगतात ते असे: बिटकॉइनची एकूण संख्या 2 कोटी 10 लाखांपलीकडे जाणार नाही, आणि साधारण दर चार वर्षांनी नव्या नाण्यांची आवक निम्मी होते, एप्रिल 2024 मध्ये ती पुन्हा निम्मी झाली. हे खोटे नाही. मात्र दुर्मीळ ते मोलाचेच असते असे नव्हे. आवक गणिताने ठरते, मागणी माणसाच्या मनात असते आणि मन फिरते. नोव्हेंबर 2021 मध्ये सुमारे 69,000 डॉलरवर गेलेले हे नाणे वर्षभरात 16,000 च्या आसपास आले. मार्च 2024 मध्ये त्याने तो उच्चांक ओलांडला खरा, पण त्याचा लाभ ज्यांना थांबणे परवडले त्यांना. मुलांच्या फीचे पैसे गुंतवणाऱ्याला किंवा कर्ज काढून शिरलेल्याला सव्वादोन वर्षे कोण थांबू देणार? शिवाय 1 एप्रिल 2022 पासून आपल्याकडे या नफ्यावर 30 टक्के कर लागला, आणि एका नाण्यातील तोटा दुसऱ्यातील नफ्यातून वजा करण्याचीही सोय ठेवलेली नाही.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी एक उदाहरण घेतले होते. धान्य महाग असलेल्या गावी एक व्यापारी गहू घेऊन येतो. मागून आणखी गाड्या येत आहेत, हे त्याला ठाऊक आहे, गावकऱ्यांना नाही. त्याने ते सांगितलेच पाहिजे काय? थॉमस म्हणतात, न्यायाने तो बांधील नाही. चालू भावाने विकणे हा अन्याय नव्हे. सांगितले, तर मात्र तो अधिक थोर सद्गुण. त्यांच्या कितीतरी आधी सिसेरोने निकाल याहून कडक दिला होता: लपवू नये.

मला थॉमस यांचे उत्तर गव्हापुरते पटते. भाव पडला तरी त्या गावकऱ्याच्या घरी भाकरी उरते. आभासी चलनात महाग घेणाऱ्याच्या हाती पडलेला भावच उरतो. आणि येथील जाणता नुसता गप्पही बसत नाही. मिस्सा आटोपल्यावर आवारात, लोकलमध्ये, लग्नाच्या पंगतीत तो सांगतो, "अरे, अजून वेळ गेलेली नाही." आपल्याजवळचे नाणे विकायला गिऱ्हाईक हवे, हे तो सांगत नाही, कधी कधी त्याचे त्यालाही उमगलेले नसते. न्यायाने मौन क्षम्य असेल, पण हा आग्रह मौन नव्हे.

अशा आग्रहाचे टोक महाराष्ट्राने पाहिले आहे. 'गेनबिटकॉइन' योजनेत दरमहा 10 टक्के, अठरा महिने, असे आमिष होते. 2018 मध्ये पुणे पोलिसांनी तिचा सूत्रधार अमित भारद्वाज याला अटक केली. ती योजना नुसत्या जाहिरातीवर वाढली नाही. आधी शिरलेल्यांनी आपल्या ओळखीची माणसे आणली म्हणून वाढली. साखळीतल्या कित्येकांची भावना प्रामाणिक असेल, तरी पैसे बुडाले ते त्यांच्यावर विश्वास टाकणाऱ्यांचे.

तेव्हा नवख्याने नाण्याची चौकशी करण्याआधी सांगणाऱ्याची करावी. तू स्वतः केव्हा घेतलेस, कितीला घेतलेस, आणि विकणार केव्हा? शेजारी असो वा सख्खा मेहुणा, हे विचारण्यात कसलाही अनादर नाही.