पदवी आणि आयुष्याचे काम

मागच्या कार्तिकीला आळंदीस कीर्तन आटोपून आम्ही बसलो होतो. एक वयस्क गृहस्थ मुलाला पुढे घालून आले. म्हणाले, "बुवा, ह्याला चार शब्द सांगा. ह्याच्या इंजिनियरिंगपायी दोन एकर विकले, आणि हा रोपवाटिका घालून बसलाय." मुलगा खाली मान घालून म्हणाला, "महाराज, चार वर्षं झाली. पोटापुरतं मिळतं, मन रमतं. पण बाबांचे पैसे बुडवले असं रोज वाटतं." त्या वेळी आम्ही जे बोललो ते पुरते नव्हते, म्हणून आज लिहितो.

बापाचे म्हणणे खोटे नाही. पदवी एकट्या मुलाची नसते. तिच्यात घरादाराचा घाम असतो. शिवाय कोणी म्हणेल, सावता महाराजांनी अरणचा मळा कधी सोडला नाही; मग शिकलेले काम सोडणे हा स्वधर्माचा त्याग नव्हे काय? विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचे चरित्र पाहा. जन्म 1860, मुंबईचा. 1885 साली बी. ए. झाले, 1887 साली कायद्याची पदवी घेतली, वकिलीही केली. आज त्यांना वकील म्हणून कोण ओळखतो? पत्नी गेली, कन्या गेली. पुढे त्यांनी सारे आयुष्य संगीताला वाहिले. 1904 साली दक्षिणेचा प्रवास केला, मग देशभर हिंडले, गवयांच्या पायाशी बसून चिजा मिळवल्या, जुने ग्रंथ धुंडाळले. 1916 साली बडोद्यास संगीत परिषद भरवण्यात पुढाकार घेतला, 1926 साली लखनौस संगीत महाविद्यालय उभे केले. 1936 साली देह ठेवला, पण त्यांच्या क्रमिक पुस्तकांवरून आजही मुले राग शिकतात.

मग वकिली फुकट गेली काय? मुळीच नाही. दहा गवयांची साक्ष काढायची, ग्रंथाशी ताडून पाहायची, पुराव्यावाचून निकाल द्यायचा नाही, ही शिस्त वकिलाचीच. कोर्ट सुटले, शिस्त सुटली नाही.

त्यांच्या संस्कृत ग्रंथाचे नाव 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्'. संगीतशास्त्रात 'लक्षण' म्हणजे ग्रंथातला नियम, आणि 'लक्ष्य' म्हणजे प्रत्यक्ष गायले जाते ते. दोहोंचा मेळ बसेना, तेव्हा पंडितजींनी लक्ष्याला मान दिला. सज्जनहो, पदवी हे लक्षण आहे. रोज हातून घडते ते काम हे लक्ष्य. सावता महाराजांचा मळा म्हणजे भिंतीवर टांगलेला कागद नव्हता. तो रोजचा घाम होता. स्वधर्म तिथे शोधावा.

आम्हीही न्याय-व्याकरण शिकलो ते शास्त्री होऊन पाठशाळेत शिकवावे म्हणून. उभे राहिलो कीर्तनात. पण पदाचा अन्वय लावताना ते व्याकरण रोज कामी येते.

तथापि सोडणारा प्रत्येक जण भातखंडे नव्हे. कंटाळ्याने एक काम सोडणारा दुसरेही सोडतो. पंडितजी पदवीच्या आधीपासून सतार शिकत होते. 1884 सालीच गायन उत्तेजक मंडळीत जाऊ लागले होते. म्हणजे ओढ वीस वर्षे टिकली, मग तिच्यावर आयुष्य टाकले. लहर आणि ओढ यांत फरक हाच: लहर अडचण आली की ओसरते, ओढ अडचणीत वाढते. आणि ज्या कामात टाळी मिळाली नाही तरी सकाळी हात आपोआप तिकडे वळतात, ते काम टिकते.

आता त्या मुलाला सांगणे. बाळा, रोपांना पाणी किती, नळी केवढी, उतार कुणीकडे, हे तू मोजूनमापून करतोस ना? ते इंजिनियरिंगच होय. पण दोन एकरांचे ऋण खरे आहे. 'मन रमते' एवढ्याने ते फिटत नाही. हिशेबाची वही बाबांपुढे ठेव, दरसाल थोडेथोडे परत कर, म्हातारपणी त्यांना अंतर देऊ नकोस.

आणि बाबा, आपणही एकदा त्या रोपवाटिकेत जाऊन बसा. जमीन विकून मुलाला शिकवलेत, आणि मुलगा फिरून मातीतच उभा आहे. ह्यात बुडाले ते काय, हे तिथे बसूनच पाहावे.