बस निघून गेल्यावर

दौलताबादच्या टाक्याची गोष्ट आपण भाषणात सांगतो, पण अर्धीच सांगतो. मीही सांगितली आहे. चौदा एप्रिलच्या स्टेजवरून, माईक हातात घट्ट धरून, टाळ्या घेत. उरलेली अर्धी गोष्ट माझ्या ध्यानात आली ती पुस्तकातून नव्हे, एका बोरिंगवरून. म्हणून आधी बोरिंग.

दोन वर्षांमागं फेब्रुवारीत आमच्या विहारातर्फे पवनीची एका दिवसाची सहल काढली. गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं. १ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तोवर आम्ही नि पवनी एकाच भंडारा जिल्ह्यात होतो. आता पवनी परजिल्ह्यात गेली. बायांचं म्हणणं होतं यष्टीनं जाऊ. बरोबर होतं त्यांचं. मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना तर फुकट. पण लाखांदूरला गाडी बदला, म्हाताऱ्यांना चढवा-उतरवा, ही कटकट आम्हा कार्यकर्त्यांना नको होती. खासगी गाडी ठरवली. माणशी अडीचशे रुपये वर्गणी. उन्हाळी धानाची रोवणी चालू होती, म्हणजे बाईचा एक रोजही बुडणार. तरी गाडी भरली. पुढं निळा झेंडा, मागं पंचशील, आत गाणी.

पवनीत काय आहे हे आपल्या पोरांना सांगावं लागतं, ही आपली गरिबी. अजिंठा-वेरूळ सगळ्यांना ठाऊक. पण वैनगंगेच्या काठावर जगन्नाथ टेकडीत आपल्याच भागातला स्तूप निघाला. नागपूर विद्यापीठ आणि केंद्राच्या पुरातत्त्व खात्यानं १९६९-७० साली तिथं खोदकाम केलं. स्तूपाभोवतीच्या दगडी कठड्याचे खांब निघाले आणि त्यांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावं निघाली. दोन हजार वर्षांमागं कुणी एक खांब दिला, कुणी एक आडवी शिळा. तीही वर्गणीच म्हणायची. दगड वाहून आणणाऱ्याचं नाव मात्र त्यावर नाही. तेव्हाही नव्हतं, आताही नसतं. असो.

तर बोरिंग. सकाळी जाताना वाटेत एका गावाच्या चौकात गाडी थांबली. कॅन भरून घ्यायच्या होत्या. गाडीतली एक म्हातारी म्हणाली, "बाबू, इथं आपले चार घरं हायेत. माया नणंदेची लेक इथंच देली. पाच मिनिटं जाऊन येऊ, चहाबी होईल." आम्ही म्हटलं, आजी, वेळ जाईल, पवनी पाहायची आहे, रुयाडचा महासमाधीभूमी स्तूप पाहायचा आहे, परतताना पाहू. पोरं कॅन घेऊन देवळासमोरच्या बोरिंगवर गेली. ओट्यावर बसलेल्या एकानं सांगितलं, तिकडं बोडीच्या अंगाला दुसरी बोरिंग आहे, तिकडं भरा. नाही म्हणाला नाही. शिवी दिली नाही. आता असंच बोलतात. गाडीवरचा झेंडा पाहून बोलला एवढंच.

पोरांना काय ते कळलं. मलाही कळलं. आम्ही सगळे खाली उतरलो. घटनेचं पंधरावं कलम त्याला ऐकवलं, सतरावं ऐकवलं, घोषणा दिल्या, एकानं मोबाईलवर शूटिंग केलं. एक कॅन भरायची होती तिथं सगळ्यांच्या बाटल्या भरल्या. तो माणूस उठून गेला. आम्ही गाडीत चढलो. पवनीपर्यंत गाणी थांबली नाहीत. परत येताना अंधार झाला म्हणून त्या गावात थांबलोच नाही.

महिन्याभरानं एका लग्नात कळलं. त्या चार घरांतल्या बायांना रोवणीला कुणी बोलावलं नाही. उरलेला हंगाम असाच गेला. दुकानातली उधारी बंद झाली. कुणी मारलं नाही, जाळलं नाही, म्हणून बातमीही नाही. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे, पण रोवणीला कुणाला बोलवायचं नि कुणाला नाही हे कुठल्या फिर्यादीत लिहिणार? त्यांना एकच प्रश्न विचारला गेला होता: तुमची गाडी होती ना, मग तुम्ही त्यांना का नाही सांगितलं?

हा प्रश्न मी कुठंतरी वाचला होता. घरी येऊन पुस्तक काढलं.

साल १९३४. चळवळीतल्या सहकाऱ्यांना बाबासाहेबांबरोबर सहल करायची हौस होती. वेरूळची बौद्ध लेणी पाहायचं ठरलं. तीसेक माणसं, भाड्याच्या काही बसेस नि मोटारी. नाशिकहून येवल्यावरून औरंगाबादकडं, म्हणजे निजामाच्या राज्यात. ज्या येवल्यात पुढल्या वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ ला, हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा झाली, तेच येवलं. सहलीचा कार्यक्रम त्यांनी मुद्दाम जाहीर केला नव्हता, कारण अस्पृश्य प्रवाशाला वाटेत काय भोगावं लागतं ते माहीत होतं. जिथं थांबायचं तिथल्या आपल्या लोकांनाच फक्त निरोप होता. दौलताबादला असे लोक वाट पाहत उभे होते. चहा-फराळ तयार होता. म्हणाले, आधी चहा घ्या, मग किल्ला पाहा. यांना चहा हवाही होता. पण दिवस मावळायच्या आत किल्ला पाहायचा होता. परतताना घेऊ म्हणाले आणि गाड्या पुढं काढल्या.

किल्ल्याच्या दाराबाहेर एक लहानसं टाकं, काठोकाठ भरलेलं. महिना रमजानचा. अंगावर प्रवासाची धूळ. काहींनी फारसा विचार न करता टाक्याच्या फरशीवर हातपाय-तोंड धुतलं. सगळे दारात पोचतात तो मागून एक म्हातारा मुसलमान ओरडत आला, धेडांनी टाकं बाटवलं म्हणून. गर्दी जमली, शिव्या सुरू झाल्या. यांनी सांगितलं, आम्ही बाहेरगावचे, इथली रीत आम्हाला ठाऊक नाही. त्याबरोबर गर्दी वळली ती तिथल्या अस्पृश्यांवर. ते बिचारे तेवढ्यात मागून येऊन पोचले होते. त्यांना विचारलं: या परक्यांना तुम्ही का नाही सांगितलं?

पुढचं सगळ्यांना पाठ आहे. बाबासाहेबांनी रागानं विचारलं, हेच का तुमचा धर्म शिकवतो, आणि हाच अस्पृश्य उद्या मुसलमान झाला तर त्याला अडवाल का. गर्दी गप्प झाली. टाळ्या इथंच पडतात. त्यानंतर किल्ल्यात जायला परवानगी मिळाली ती एका अटीवर: आत कुठं पाण्याला शिवायचं नाही. लक्ष ठेवायला हत्यारबंद शिपाई बरोबर दिला. हे लिखाण १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं पुस्तिका म्हणून छापलं, पुढं इंग्रजी ग्रंथमालेच्या बाराव्या खंडात आलं. काही जण हा प्रसंग फक्त मुसलमानांविरुद्ध वापरतात. त्यांनी त्याच पुस्तिकेतले बाकीचे प्रसंग वाचावेत. त्यांत हिंदू आहेत, पारशीही आहेत.

मी अडखळलो ते दुसऱ्याच जागी. गर्दी स्थानिकांवर उलटली त्या ठिकाणी बाबासाहेब लिहितात की चूक खरं तर आमचीच होती; विचारपूस न करता आम्ही पुढं गेलो. हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलं होतं आणि एकदाही भाषणात सांगितलं नव्हतं. कारण त्यावर टाळ्या पडत नाहीत.

आता नीट विचार करा. चूक कसली? पाण्याला हात लावला ही? ते शक्य नाही. हा माणूस सात वर्षं आधी चवदार तळ्याचं पाणी प्यायला होता. पाण्यावरचा हक्क कुणाला विचारून घ्यायचा नसतो. मग विचारपूस कुणाची? वाट पाहणाऱ्या आपल्याच लोकांची. ज्यांनी चहा ठेवला होता त्यांची. तिथं टेकले असते तर टाक्याची रीत कळली असती. मग तरीही हात धुवायचे की नाही हे दोघांनी मिळून ठरवता आलं असतं.

दोन गोष्टींची आपण गल्लत करतो असं मला वाटतं. हक्क माझा असतो. पण त्या हक्काची किंमत माझ्याच खिशातून जाईल असं नाही. किंमत दुसरा भरणार असेल तर त्याला न विचारता ती मोजायचा अधिकार मला कुणी दिला? जुलूम करणाऱ्याची परवानगी मागायची नाही हे ठीक. ज्याच्यावर तो जुलूम उलटणार आहे त्याला विचारणं म्हणजे परवानगी मागणं नव्हे.

यावर आमचा एक मित्र तापला. म्हणाला, अशानं काहीच होणार नाही. गावातला माणूस दबलेला. त्याला विचाराल तर तो नकोच म्हणेल. दबलेल्याच्या भीतीला विचारून क्रांती होते का? महाडला कुणाला विचारलं होतं?

प्रश्न खोटा नाही. मी चार दिवस त्याच्याशी भांडत होतो, मनातल्या मनात. पण महाडचं नीट पाहिलं तर वेगळंच दिसतं. १९ आणि २० मार्च १९२७ ची ती परिषद होती, जाता जाता थांबलेली बस नव्हती. कुलाबा-रत्नागिरीच्या खेड्यापाड्यांतली माणसं स्वतः चालत आली, बसली, बोलली, मग तळ्यावर गेली. मार खाल्ला तो त्यांनीच, मंडपात आणि घरी परतताना वाटेतही. आणि उलटून हात उगारू नका असं बाबासाहेबांनी सांगितलं, कारण खेड्यात परतायचं होतं ते यांनाच. डिसेंबरमध्ये पुन्हा जमले तेव्हा सत्याग्रहाला कोण तयार आहे त्यांची नावं लिहून घेतली. म्हणजे विचारलं होतं. ज्यांचं डोकं फुटणार होतं त्यांनाच विचारलं होतं.

दुसरा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. शिपाई मागं ठेवून किल्ला पाहायचा कशाला? परत का नाही फिरले? कधी वाटतं, फिरायला हवं होतं. कधी वाटतं, इतक्या लांबून आलेल्या माणसांनी किल्ला पाहू नये हेच तर गर्दीला हवं होतं. लाज शिपाई देणाऱ्या राज्याची, पाहणाऱ्याची नव्हे. तुम्ही काय केलं असतं ते मला कळवा. पण एक गोष्ट मला त्या शिपायापेक्षा जास्त टोचते. किल्ला पाहून होतो, गाड्या निघून जातात. दाराशी उभे असलेले ते दौलताबादचे लोक, त्यांची नावंही आपल्याला माहीत नाहीत, ते त्या रात्री त्याच गर्दीच्या शेजारी झोपायला गेले. त्यांच्याबरोबर कुणी शिपाई दिला नव्हता. त्यांचं पुढं काय झालं ते त्या लिखाणात नाही.

धानाच्या पट्ट्यात आपली वस्ती मोठी आहे तिथं छाती पुढं काढून चालता येतं. पण कितीतरी गावांत आपली दोन घरं असतात, चार असतात. २९ सप्टेंबर २००६ ला शेजारच्या भंडारा जिल्ह्यात, खैरलांजीत, एका घरातली चार माणसं मारली गेली. त्याही गावात आपली घरं बोटावर मोजण्याइतकी. मोर्चे नंतर निघाले, ते निघायलाच हवे होते. पण एकट्या घराचं गणित वेगळं असतं आणि ते गणित मोठ्या वस्तीतल्या कार्यकर्त्याला येत नाही. मला येत नव्हतं.

शेवटी आम्ही तिघं त्या गावी गेलो. यष्टीनं, झेंडा न घेता. मनात होतं की माफी मागावी आणि त्या बाया रडतील, नाहीतर शिव्या देतील. नणंदेच्या त्या लेकीनं पाट टाकले, चहा ठेवला. मी काय काय बोललो, घटनेपासून दौलताबादपर्यंत. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पानी तं आपल्या हक्काचंच हाय जी. तुमी भरलं ते बराबर केलं. पन तुमी घरी आले असते, सांगतलं असतं, तं मीबी घागर घेऊन आली असती. मी या गावात सोळा वर्सं झाली, त्या बोरिंगवर गेली नाई. तुमी गेले अन् निंगून गेले. मी एकटी आता कशी जाऊ?"

दबलेली माणसं नकोच म्हणतात, हे आम्ही तिला न विचारताच ठरवून टाकलं होतं. ती यायला तयार होती, आणि आम्ही तिला बोलावलंच नाही. रोज बुडाला त्याचा हिशोब तरी करता येतो. त्या सकाळी घागर घेऊन उभं राहायची तिची संधी आम्ही घेऊन गेलो, ती पवनीच्या रस्त्यावर कुठं सांडली, त्याचा हिशोब मला जमलेला नाही.

आमच्याकडं जमतील तेवढे पैसे आम्ही पुढं केले. तिनं घेतले नाहीत. दुकानाची उधारी मात्र चारही घरांची आम्ही फेडली. तेवढं तिनं फेडू दिलं, कारण तिची जाऊ म्हणाली की घ्या, मोठेपणा नको.

यंदा पुन्हा पवनीची सहल निघते आहे. बायांनी या वेळी आमचं ऐकलं नाही, अर्ध्या तिकिटानं यष्टीनंच जायचं ठरलं. ती गाडी त्या गावच्या फाट्यावर थांबते. आदल्या दिवशी मुक्कामाला यायचं, सकाळी घागरी घेऊन बोरिंगवर जायचं, मग फाट्यावरून गाडी धरायची, असा बेत आम्ही तिच्यापुढं ठेवला आहे. त्यानंतर आठ दिवस आमच्यातले दोघं तिथं राहतील, हेही सांगितलं. चार घरांनी बसून बोलायला हवं, असं ती म्हणाली. अजून तिचा निरोप आलेला नाही.